कपाटामागचं चाक

मित्रांनो, उभ्याउभ्याच ऐका, कारण बसायला जागा एकच आहे आणि ती माझ्याच मांडीवर. मी एक जुनी व्हीलचेअर आहे. गोष्ट सांगताना मला लाज वाटते, हे आधीच सांगून टाकते.

कारखान्यात नळ्या वाकवून मला घडवलं आणि इस्पितळामागच्या गल्लीतल्या एका संस्थेत आणून ठेवलं. आजाऱ्यांना खाटा, कुबड्या, व्हीलचेअर फुकट वापरायला द्यायच्या आणि बरे झाले की परत घ्यायच्या, एवढंच संस्थेचं काम. ती चालवणाऱ्या ताई पूर्वी परिचारिका होत्या. त्यांचे धाकटे दीर, ज्यांना सगळे काका म्हणत, माझ्या चाकांना तेल घालायचे. कितीतरी आजारी मी वाहिले; पाय मोडलेला एक पोस्टमन तर इतका धिप्पाड, की तो बसला की मला देव आठवायचे. तरी मी कधी कुरकुरले नाही. ‘ही आपली सगळ्यात गुणी’, असं ताई म्हणायच्या आणि मी फुशारून जायचे.

मग एका वर्षी नदीचं पाणी गल्लीत शिरलं. गाद्या कुजल्या, खाटा गंजल्या, होतं नव्हतं ते दुरुस्तीत गेलं आणि जागेचं भाडं थकलं. संस्थेला कुलूप लागायची वेळ आली. तेव्हा ताईंनी एका सल्लागारबाईंना बोलावलं. बुडालेल्या संस्थांची आर्थिक घडी पुन्हा बसवून देणं हेच त्यांचं काम. त्या म्हणाल्या, मोठ्या देणगीदारांना बोलवा आणि काम जसं आहे तसं दाखवा.

‘जसं आहे तसं’ काकांच्या पचनी पडलं नाही. मी माळ्यावर होते म्हणून पुरातून वाचले होते, अगदी धडधाकट होते. धडधाकट खुर्ची बघून कुणाचा हात खिशात जाणार? ताईंना न सांगता त्यांनी माझं चांगलं चाक काढून कपाटामागे लपवलं, गंजकं वाकडं चाक बसवलं आणि बैठकीला कात्रीने चीर दिली. ज्या हातांनी इतकी वर्षं तेल घातलं, त्याच हातांनी.

पाहुणे आले. मला बघून हळहळले, एकाने फोटोही काढला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात दारात गाडी थांबली आणि एक बाई धावत आत आली. तिच्या वडिलांना धाप लागली होती; गल्लीतून पुढे गाडी जात नव्हती आणि त्यांना इस्पितळापर्यंत चार पावलंही टाकवत नव्हती. बाकीच्या खुर्च्या लोकांकडे गेलेल्या. ताईंनी सवयीने मला ओढलं, पण मी जागची हलले नाही.

“काल तर ही नीट होती,” ताई म्हणाल्या.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. सगळ्यांच्या देखत त्यांनी कपाटामागून माझं चाक काढलं. ते बसवताना नट पुन्हा पुन्हा निसटत होता. बाहेर म्हातारबाबा पायरीवर बसून श्वास ओढत होते. शेवटी चाक बसलं आणि मी त्यांना घेऊन गेले. परत आले तेव्हा पाहुणे निघून गेले होते.

ताई एवढंच म्हणाल्या, “भावोजी, दाखवण्यासारखं आपल्याकडे एक कामच होतं. तेच मोडून ठेवलंत.”

सल्लागारबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अर्धी जागा शिवणवर्गाला भाड्याने द्यायला लावली. ज्यांनी कधी आमचं साहित्य वापरलं, त्यांनाच आता साद घाला, असं सांगितलं. काका दारोदार गेले. प्रत्येक दारात आधी आपली करणी सांगायचे, मगच मदत मागायचे. काहींनी दार लावून घेतलं. पोस्टमन मात्र दर महिन्याला थोडं थोडं देऊ लागला, त्याचं बघून आणखी काहीजण. कुलूप टळलं.

म्हातारबाबा बरे झाले. त्यांची लेक आभार मानायला आली, ती माझ्यासाठी नवी बैठक शिवून घेऊनच. काकांनी ती दुसऱ्या खुर्चीला लावली. माझ्या चिरेवर त्यांनी स्वतःच्या हाताने वेडंवाकडं ठिगळ घातलं होतं.

“हिचं राहू दे,” ते म्हणाले. “मला रोज दिसलं पाहिजे.”

मित्रांनो, अडचणीत मदत खुशाल मागा. पण दया यावी म्हणून धडधाकटाला लंगडं करू नका, त्याला फार लागतं. काका अजूनही मला रोज तेल घालतात. फक्त पूर्वी समोर बसून घालायचे, आता ठिगळाकडे एकदा बघतात आणि मागे जाऊन घालतात.