दिवसाउजेडी शवासन

योग म्हणे शरदातच सुरू करावा. उन्हाळ्यात केला तर अंग तापतं, पावसाळ्यात केला तर वात धरतो. हे ज्याने कोणी शास्त्रात लिहिलं त्याच्या घरी कपाशी नसणार, आणि असलीच तर ती वेचायला बायको असणार.

आमचे हे बत्तीस साली सत्याग्रहात धुळ्याच्या तुरुंगात गेले आणि ऐन आश्विनात सुटून पारोळ्याजवळच्या आमच्या गावी आले. लोकांनी वेशीपासून वाजतगाजत आणलं, हार घातले. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू? निंदणी, बाजरीची कापणी, शेंगा उपटणं, म्हशीचं वेत, सगळं मी आणि सासूने अंगावर काढलं होतं. म्हटलं, आता धनी आला, आता मी जरा पाठ टेकीन. पण धन्याने तुरुंगात एका मास्तरांकडून योग शिकून आणला होता. दुसऱ्याच पहाटे माजघरात घोंगडी पडली.

त्या घोंगडीने माझा जीव खाल्ला. यांचं ध्यान चालू असताना जात्याची घरघर नको, म्हणून मी आणखी आधी उठून दळू लागले. मिरची बंद झाली. खानदेशातला माणूस मिरची सोडतो तेव्हा घरात दोन स्वयंपाक होतात, हे त्या मास्तरांना काय ठाऊक? आम्हा दोघींना भाकरी आणि ठेचा, यांना मुगाचं वरण, भात, वर तूप.

आणि सगळ्यात शेवटी शवासन. मढ्यासारखं उताणं पडायचं, हात मोकळे, डोळे मिटलेले. अशा माणसाला हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, त्याचा जीव दचकतो, असं यांनी आम्हाला बजावून ठेवलं. शिवारात सगळीकडे कपाशीचं पांढरं फुटलेलं, आणि घरचा कर्ता पुरुष मढं होऊन पडलेला. आम्ही पावलं न वाजवता त्यांच्या उशाशी केर काढायचो. बोलायची सोय नव्हती, हार घालून घेतलेला माणूस तो.

सासूबाईंचं नाव ताईबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणे. दिवसा आडवं होणं त्यांच्या लेखी पाप. ताप आला तरी भिंतीला टेकून बसायचं आणि बसल्या बसल्या शेंगा फोडायच्या. मी त्या घरात दिवेलागणीच्या आधी कधी पाठ टेकली नव्हती.

कार्तिकातल्या एका दुपारी मी कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन घरी आले. कमरेत कोणी पहार घातल्यासारखं होत होतं. हे चावडीवर लोकांना प्राणायाम समजावत होते, आत्याबाई गोठ्यात होत्या. घोंगडी तशीच पसरलेली. मला योग नको होता, मोक्ष नको होता. पाठ जमिनीला लावायची होती, एकदा, उजेडात. गाठोडं बाजूला टाकलं आणि पडले. हात मोकळे सोडले, डोळे मिटले. कणा एकेका मणक्याने खाली उतरत गेला आणि मला झोप लागली.

जाग आली ती यांच्या हाकेने. आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव घेऊन हाक मारत होते. स्वतःचं रोजचं आसन, पण बायकोच्या अंगावर यांना ते ओळखू आलं नाही. बायको दिवसा आडवी म्हणजे मेलीच! ओरडून यांनी आईला बोलावलं. मला सगळं ऐकू येत होतं, पण डोळे उघडवेनात. उघडले की उठायचं, उठलं की दोन स्वयंपाक. मेले तर मेले म्हटलं.

हे रडू लागले. खरं रडत होते, त्यात खोट नाही. पण हुंदक्याबरोबर बाहेर आलं ते असं:

"आई, उद्या वेचणीच्या बाया येतील. त्यांच्यामागे कोण उभं राहील?"

माझ्याच गाठोड्यातून आत्याबाईंनी चिमूटभर कापूस ओढला आणि माझ्या नाकाशी धरला. कापूस हलला असणार, मला गुदगुल्या झाल्या. तरी त्यांनी हात काढला नाही, बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाल्या, "जित्ती शे. योग करी ऱ्हायनी. इले उठाडू नको, जीव दचकस. तू जाय, चूल पेटव."

आणि यांनी पेटवली. सगळ्या घरात धूर केला, पण पेटवली. म्हातारी माझ्या उशाशी बसून पदराने माशा वारत राहिली. माझ्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं, तेही तिने पुसलं. मी उठले तेव्हा तिने हळूच विचारलं, कसं वाटतं म्हणून. मी म्हटलं, सगळा भार जमिनीवर जातो. ती घोंगडीकडे बघत राहिली.

"माले बी शिकाड," म्हणाली. "कापूस निंघी जाऊ दे, मंग."

कापूस कुठला निघतो? पहिली वेचणी झाली की दुसरी, दुसरी झाली की उरल्यासुरल्या बोंडांची फरदड. संक्रांत गेली. एके सकाळी शेणाची पाटी हातात असताना आत्याबाई गोठ्यात कोसळल्या. आम्ही त्यांना उचलून माजघरात आणलं. खाली मी घोंगडी घातली, हात मोकळे करून ठेवले. शेजारची सुंदरबाई म्हणाली, नाकाशी सूत धरा. कोपऱ्यात शेवटच्या वेचणीचा ढीग होता, त्यातला चिमूटभर कापूस मी धरला.

तो हलला नाही. सुंदरबाई म्हणाली, पुरे आता, सोड. हे "आई, आई" करून हाका मारायला लागले, तेव्हा मी यांच्यावर ओरडले. त्या घरात मी म्हातारीला उजेडात आडवी कधी पाहिलीच नव्हती.

"हाक मारू नका," मी म्हटलं. "पडू द्या त्यांना."