विंचरलेली भट्टी

फरशा बनवणाऱ्या त्या कारखान्यात मापन विभागाच्या प्रमुखाला सगळे ‘कंगवा’ म्हणत. त्याच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता, तरी म्हणत. कारण भट्टीच्या तापमानाचे आकडे साहेबांकडे वर जाण्याआधी त्याच्या टेबलावर थांबत आणि तिथं त्यांची वेणीफणी होई. मध्येच उसळलेला आकडा दिसला की तो उपटायचा आणि आजूबाजूच्यांशी जुळेल असा एक शहाणा आकडा तिथं बसवायचा. कुणाला फसवावं असं त्याच्या मनात नसे. पाहुणे यायच्या आधी आपण पलंगावरची चादर ताणतो, तेवढंच. साहेबांना वाकडी रेघ दिसली की प्रश्न पडत, प्रश्न पडले की बैठका होत, आणि बैठकांनी आजवर एकही फरशी भाजलेली नव्हती.

अडचण एवढीच, की भट्टीवर त्याचा सख्खा मेहुणा होता. जिभेला हाड नसल्यामुळे पहाटेची पाळी कायम त्याच्याच गळ्यात. आणि नेमक्या पहाटेच्या फरशा तडकत होत्या.

“भट्टी उचकी देते साहेब,” मेहुणा सांगे. “पहाटे गॅसचा दाब बदलला की झडप अडकते. ताप एकदम चढतो आणि मग पुन्हा साळसूद. मी काय आत बसून फुंकर मारतो?”

“आलेखात उचकी नाही,” साहेब म्हणत.

आलेखात असणार कशी? ती कंगव्यात अडकलेली होती.

तडकलेल्या फरशांचा आणखी एक घाणा निघाला तर घरी बसवीन, असं साहेबांनी मेहुण्याला बजावलं. त्याच आठवड्यात त्यांनी मापनाचे आकडे तपासणारं नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं आणि निवड समितीवर कंगव्याला नेमलं.

“तुमच्याच हातात आहे म्हणे,” बायको त्याला पोळी वाढता वाढता म्हणाली. “उचकी पकडणारं घ्या, म्हणजे माझा भाऊ सुटला.”

“ते काय चष्मा निवडण्याइतकं सोपं आहे?”

“चष्माच आहे. तुमच्याकडे सगळ्यांनाच लागलाय.”

कंगव्यानं मनाशी हिशेब मांडला. नवं सॉफ्टवेअर थेट भट्टीला जोडलं जाईल, पहिल्याच पहाटे उचकी पकडेल, मेहुणा वाचेल आणि कंगवा गुपचूप खिशात जाईल. साप मरेल, काठीही शाबूत राहील. बेत उत्तम होता. फक्त चाचणीसाठी दोन्ही कंपन्यांनी भट्टीचे जुने आकडे मागितले, तेव्हा त्यानं सवयीनं विंचरलेलेच पाठवले. घरची लक्तरं परक्याच्या हातात कशी द्यायची?

पहिला आला तो कोटवाला. त्याच्या पडद्यावर वाढदिवसाच्या केकसारखे रंग होते. “बिनकामाचे चढउतार आमचं सॉफ्टवेअर आपोआप गाळतं,” तो म्हणाला आणि एक रेघ उमटली, गुळगुळीत, सपाट, आज्ञाधारक. साहेब तिच्याकडे नातवाकडे बघावं तसे बघत राहिले.

दुसऱ्या कंपनीतर्फे एक बाई आल्या. साधा पडदा, काळी रेघ. आकडे आत घातले आणि सगळा पडदा लाल झाला. खाली ओळ उमटली: ‘मापक बंद आहे किंवा आकडे हाताळलेले आहेत.’

खोलीत कुणीतरी खोकलं.

“बाई,” साहेब म्हणाले, “तुमचं यंत्र आम्हाला खोटारडे म्हणतंय?”

“त्याला माणसं कळत नाहीत साहेब, रेघा कळतात. चालू भट्टीची रेघ जराशी थरथरतेच. ही झोपलेल्याची पण नाही, गेलेल्याची आहे.” मग त्या कंगव्याकडे वळल्या. “कच्चे आकडे असतीलच तुमच्याकडे. द्या, लगेच पुन्हा चालवते.”

होते ना. त्याच्याच संगणकात, सगळ्या उचक्यांसकट. पकडणारं यंत्रही समोर होतं, हवं होतं तस्सं. फक्त ‘आणतो’ म्हणायचं होतं. कंगव्यानं टकलावरून हात फिरवला.

“कच्चे आम्ही ठेवत नाही,” तो म्हणाला. “जागा अडते.”

“मग आमच्या यंत्राला इथं काम नाही,” असं म्हणून बाईंनी वायर गुंडाळली.

समितीनं कोटवाल्याचं सॉफ्टवेअर एकमतानं निवडलं. कारण लिहिलं गेलं: ‘कर्मचाऱ्यांवर विश्वास दाखवणारी प्रणाली.’

ते जोडल्यावर भट्टीनं पहाटे उचकी दिली. सॉफ्टवेअरनं ती बिनकामाची म्हणून गाळली. फरशा तडकल्या. पडदा हिरवागार. साहेबांनी मेहुण्याला पडद्यासमोर उभं केलं आणि अगदी मायेनं म्हणाले, “आता तर माणसाचा हातही नाही यात. यंत्राचं तुझ्याशी काय वैर?” आणि त्याला घरी बसवलं. त्याच्या जागी आलेल्याच्याही फरशा तडकल्या, तेव्हा तोही निष्काळजीच निघाला. चांगली माणसं मिळत नाहीत हल्ली, असं साहेब म्हणू लागले.

आकडे आपोआप विंचरले जाऊ लागल्यावर कंगव्याचं टेबल हलवलं. त्याला गोदामात बसवलं, तडकलेल्या फरशा निवडायला.

एका संध्याकाळी मेहुणा घरी आला. भांडायला नाही, त्यानंच कंगव्याला जास्त त्रास झाला.

“भाऊजी, एकच विचारतो. तुम्हाला दिसायची ना उचकी?”

बायको दारात येऊन थांबली होती, हातात पाण्याचा तांब्या. ‘हो’ म्हटलं असतं तर नोकरी काही परत येणार नव्हती. पण त्या घरात ते सोडून दुसरं काही कुणाला नको होतं.

“तसं ठामपणे काही सांगता येत नाही,” कंगवा म्हणाला.

मेहुण्यानं मान हलवली, चपला घातल्या आणि पाणी न पिताच गेला. तांब्या बायकोच्या हातातच राहिला.

तिनं नंतर त्रागा केला नाही, अबोला धरला नाही. स्वयंपाक वेळेवर, सगळं जागच्या जागी. फक्त दुसऱ्या दिवशी गोदामातून येऊन तो म्हणाला, “आज फार दमलो गं,” तेव्हा भाजी चिरताना मान वर न करता तिनं विचारलं,

“हे कच्चं सांगताय, की विंचरून?”

आणि कंगवा खरंच विचारात पडला.