दार अलीकडे

काळाचौकीच्या नव्या इमारतीत लवू परबांचं घर तयार होतं, पण लवूंनाच तिथे जाता येईना. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर ते चाकांच्या खुर्चीत आले होते, आणि लिफ्टमधून निघून दाराकडे वळताना खुर्ची भिंतीला अडायची. त्यांच्या बायकोने, दुर्गाने, मागून ढकलून पाहिलं, पुढून ओढून पाहिलं. शेवटी दोघं नायगावच्या भाड्याच्या खोलीत परतली.

भिंत पुढे आलीय हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण बिल्डर म्हणे कंत्राटदार चुकला, कंत्राटदार म्हणे मला सांगितलं तसं बांधलं. जो दुरुस्तीला हात घालेल त्याच्याच गळ्यात चूक पडणार, म्हणून कोणी हात घालेना. पावसाळा गेला, गणपती झाले.

"तू जा गो थंय रवाक," लवू म्हणाले. "मी हंयच बरो आसंय."

"आणि तुमका चाय कोण करून देतला?"

अखेर सोसायटीने आकांक्षा नावाच्या इंजिनीयर मुलीला मध्ये घातलं. तिने लेझरने मजला मोजला आणि दोन्ही बाजूंना बोलावून पडद्यावर अख्खी इमारत उभी केली. ठरलेली निळी, बांधलेली लाल. लवूंच्या दारापाशी लाल भिंत निळीच्या बाहेर आली होती आणि तिच्या पोटात एक जाड पाइप होता.

"वरचं बाथरूम सरकवलं तेव्हा हा इथे आला," आकांक्षा म्हणाली. "मंजुरी बिल्डरची. भिंत पुढे येईल हे कंत्राटदाराने कळवलं नाही. म्हणजे थोडं यांचं, थोडं त्यांचं."

बिल्डरचे इंजिनीयर हितेंद्र चष्मा पुसत राहिले. "पाइप हलवायचा तर वरची घरं फोडावी लागतील," कंत्राटदार राजाराम हळूच म्हणाला.

दुर्गा मागच्या रांगेतून उठून पुढे आली. "पोरी, यांची खुर्ची ठेवता येईल काय गो यात?"

आकांक्षाने खुर्ची ठेवली, वळवली. पडद्यावरही ती अडली. दुर्गाने पदर डोळ्यांना लावला.

हितेंद्रांनी ते पाहिलं. "दार जरा अलीकडे घेऊन बघ," ते म्हणाले.

दार सरकलं. खुर्ची अलगद वळून आत गेली.

"परत एकदा दाखव."

"काकू, तुम्हीच न्या." आकांक्षाने माउस तिच्या हाताखाली दिला. दुर्गाने खुर्ची दारातून आत नेली, थेट खिडकीपर्यंत.

"दार माझ्याकडून," हितेंद्र म्हणाले.

"माणसं माझी. उद्याच लावतो," राजाराम म्हणाला.

दिवाळीच्या आधी लवू घरी आले. लिफ्टमधून खुर्ची निघाली, वळली आणि ते एकदम म्हणाले, "थांब!"

"काय झाला? लागला खंय?"

"नाय गो. जरा माणसां बघूक दी."

नायगावची खोली अगदी टोकाची, दारावरून कोणी जायचं नाही. इथे शेजारची वैदेही फराळाचं ताट घेऊन चालली होती. तिने थांबून लवूंच्या हातात चकली दिली आणि गाव कुठलं म्हणून विचारलं. झालं, लवूंची गाडी मालवणला निघाली.

दुर्गाने आत जाऊन गृहप्रवेशाचं दूध गॅसवर ठेवलं आणि ती दाराला टेकून ऐकत राहिली. आत दूध उतू जात होतं. जाऊ दे, म्हणाली, आज जायलाच हवं.