आहारतज्ज्ञबाईंची भूक

बाळ पाच महिन्यांचं झालं त्या सुमारास तिने एक नवा शोध लावला. फ्रिजचं दार उघडं असताना, उभ्या उभ्या, त्यातल्या पिवळ्या उजेडात जे तोंडात जातं ते खाणं नव्हे. ती नुसती पाहणी. ताटलीत घेऊन, बसून, चमच्याने खाल्लं तरच ते खाणं, आणि खाल्लेलं तेवढंच मोजायचं. चीजचं टोक, कुणीतरी अर्धवट सोडलेलं बिस्किट, बरणीच्या झाकणाला चिकटलेलं पीनट बटर हे सगळं पाहणीत जमा. जेवणाच्या वेळी मात्र ती टेबलावर ताठ बसायची. समोर एक उकडलेलं अंडं आणि अख्खी काकडी. "पोट भरलं बाई," असं म्हणून उठायचीसुद्धा.

हा शोध आणखी कुणी लावला असता तर चाललं असतं. पण ही बाई पेशाने आहारतज्ज्ञ. कुणी काय खावं आणि किती खावं हे सांगण्याचा तिला दरमहा पगार मिळायचा. अंगावर पाजणाऱ्या बाईला रोज चार-पाचशे कॅलरी जास्तीच्या लागतात, हे तिला गाढ झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने कूस न बदलता सांगितलं असतं. आणि त्याच ज्ञानावर तिने आपलं गणित मांडलं होतं. बाळ पिऊन पाचशे नेतंय, बाबागाडी ढकलून दोनशे जातात, वरून आपण ताटातल्या पाचशे कापल्या की महिन्याभरात मामला साफ. असा कागद एखादी पेशंट घेऊन आली असती, तर हिने चष्मा काढून टेबलावर ठेवला असता आणि "बसा, जरा बोलू या," असं ज्या सुरात म्हटलं असतं, त्या सुराला अख्खं रुग्णालय टरकून होतं.

ह्या सगळ्याला कारण एक फोटो. रुग्णालयात तिच्या टेबलामागे 'योग्य आहार, निरोगी आयुष्य' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं पोस्टर होतं आणि त्यावर हातात सफरचंद घेऊन तीच हसत होती. लग्नाआधीची. कंबर अशी, की सफरचंद जड वाटावं. बाळ दाखवायला ती तिथे गेली, तेव्हा बाकावरच्या एका आजोबांनी आधी पोस्टर पाहिलं, मग हिला पाहिलं आणि मोठ्या आपुलकीने विचारलं, "धाकटी बहीण का तुमची?"

"हो," ती म्हणाली. आणखी काय म्हणणार?

पुढच्या महिन्यात त्याच पोस्टरखाली जाऊन बसायचं होतं. तोवर ती घरूनच काम करत होती. सकाळचे काही तास कानाला हेडफोन लावून झोपायच्या खोलीत बसायचं आणि रुग्णालयाच्या सल्ला-लाइनवर येणारे मधुमेहवाल्यांचे फोन घ्यायचे. तेवढा वेळ बाळ स्वयंपाकघरात, सासूबाईंच्या मांडीवर.

बाळंतिणीची भूक ही काही सभ्य भूक नव्हे. ती दार वाजवून येत नाही. बाळ छातीला लागायचा अवकाश, हिच्या पोटात असा खड्डा पडायचा की पलंगासकट आत जाऊ असं वाटावं. हल्ली तिला बाळाचे पाय पावासारखे दिसायला लागले होते, ताजे, वरून जरा पीठ भुरभुरवलेले. बटाट्याचे भाव सांगणाऱ्या बाईकडे ती टीव्हीवर टक लावून पाहत बसायची. नवऱ्याच्या हे ध्यानात आलं होतं. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला होता, त्यामुळे जगातले सगळे प्रश्न तो लिफ्टवर आणून ठेवायचा.

"अगं, आमच्या लिफ्टवरसुद्धा किती वजन झेपेल ते लिहिलेलं असतं," तो एकदा म्हणाला. "पण रिकामीच चालवा असं कुठं लिहिलेलं मी तरी अजून पाहिलं नाही."

"तू तुझ्या लिफ्टचं बघ."

"बघतोच आहे. उपाशी राहिली की तीही अशीच मधेच थांबते आणि आतल्या माणसांवर ओरडते."

हसण्यावारी नेण्यासारखं एवढंच होतं. बाकीचं हसण्यासारखं नव्हतं. बाळ अर्धं पिऊन सोडायचं, रडायचं, पुन्हा तोंडाने चाचपडत शोधायचं, पुन्हा रडायचं. मागच्या तपासणीला बाळाच्या डॉक्टरबाईंनी काट्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "वजन रेंगाळलंय," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळीही असंच दिसलं तर वरचं दूध सुरू करू. तुमचं खाणंपिणं ठीक आहे ना?"

"मी स्वतः आहारतज्ज्ञ आहे," ती म्हणाली.

वाक्य शंभर टक्के खरं होतं. विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, एवढंच. शेजारच्या खुर्चीत सासूबाई बाळाचं टोपडं बांधत होत्या. त्यांनी गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

डब्यातलं दूध म्हणजे काही विष नव्हे, हे तिने आजवर कितीतरी आयांना त्यांचे डोळे पुसत समजावलं होतं. गरज असेल तर खुशाल द्या, अपराधी वाटून घेऊ नका. पण इथे गरज कुणी निर्माण केली होती? सफरचंदवाल्या बाईने. रोज सकाळी ती ठरवायची, आज पोटभर जेवायचं. मग आरशासमोरून जायची आणि काकडी सोलायला घ्यायची.

त्या दिवशी मातांच्या लाइनवर बसणारी तिची मैत्रीण रजेवर होती. "माझे फोन तुझ्याकडे वळवलेत गं, सांभाळ," असा तिचा निरोप आला. म्हटलं, चला, साखरेपासून एक दिवस सुटका. पहिल्या दोन-तीन आयांना तिने छान मार्गी लावलं. मग एक फोन आला.

"नमस्कार. आपला अमूल्य वेळ घेते आहे, त्याबद्दल क्षमा असावी," पलीकडून आवाज आला. लोण्यासारखा. पूर्वी ट्रंककॉल जोडून देताना बायका बोलायच्या तसा. "एक शंका विचारायची होती."

"विचारा ना, त्यासाठीच बसलोय आम्ही."

"घरात अंगावर पाजणारी मुलगी आहे. ती जेवत नाही."

"जेवत नाही म्हणजे? भूक लागत नाही का तिला?"

"भूक ना? भूक लागते हो. फ्रिजसमोर उभी राहून फ्रिजशी भांडत असते."

तिला हसू आलं. कसले एकेक नमुने असतात! "वजन कमी करायचं असेल."

"तेच डोक्यात घेतलंय."

मग मात्र ती खुर्चीत सावरून बसली. हा तिचा हातखंडा विषय. "हे बघा, वजन कमी करायला कुणी नाही म्हणत नाही. पण हळूहळू, बाळाच्या कलाने. पाजणाऱ्या बाईने उपाशी राहून कसं चालेल? दोन-तीन तासांनी काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. अंडं, डाळ, दूध, पोटाला आधार देणारं. नुसती काकडी चावून काय होणार? पाणीच ते. शिकलेली आहे ना मुलगी?"

"तीच तर पंचाईत आहे. ह्याच विषयात शिकलेली आहे."

"म्हणजे?"

"आहारतज्ज्ञ आहे."

ती इतक्या मोठ्याने हसली की हेडफोन सरकला. "काय सांगता! आमच्यातलीच? अहो, अशा बाईची पदवी काढून घ्यायला हवी! पाठवा तिला माझ्याकडे, चांगली खडसावते."

तेवढ्यात फोनमध्ये बाळ रडलं आणि तिच्या अंगावरचा कुडता दोन्हीकडून ओला झाला. त्याचं तिला काही विशेष वाटलं नाही. सकाळपासून फोनमध्ये मागे कुठलंही पोर रडलं की तिचा पान्हा परक्यासाठीही धावत सुटत होता. पण तेच रडणं लगेच खोलीच्या बंद दाराखालूनही आलं. तोच सूर, तीच शेवटची उचकी. आणि पलीकडचा लोण्यासारखा आवाज एकदम घरगुती झाला:

"आले गं आले, ठमाकाकू! जरा दम धर की!"

साऱ्या जगात ठमाकाकू एकच होती. तिचे पाय पावासारखे दिसायचे.

निवृत्त होईपर्यंत सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, हे तिला ठाऊक होतं. पण घरात त्यांचा आवाज भांडी आदळल्यासारखा. कामावरचा आवाज त्यांनी कपाटात घडी घालून ठेवला असेल आणि आज असा बाहेर काढतील, हे कुणाला माहीत? त्यांना वाटलं असणार, सून बसते मधुमेहवाल्यांच्या लाइनवर. म्हणून निर्धास्तपणे मातांचा नंबर फिरवला.

फोन ठेवून द्यावा, असं तिला वाटलं. तिने नाक चिमटीत धरलं.

"बोला," ती म्हणाली.

"अगंबाई, तुम्हाला सर्दी झाली?"

"अचानक झाली. बोला तुम्ही."

"तर ती माझी सून," आता आवाजातलं लोणी संपलं होतं. "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी शेजारीच होते. मला सगळं दिसतं हो. कचऱ्याच्या डब्यात काकडीच्या साली दिसतात, बिस्किटाचा पुडा कपड्यांच्या खणात सापडतो. तरी मी तिथं तोंड उघडलं नाही. पोटची असती तर तिथल्या तिथं कान धरला असता. सुनेला काही म्हणायला जावं, तर ते सासूचं बोलणं होतं. आधीच आरशासमोर रडते बिचारी, पाण्याचा नळ सोडून. म्हणून गप्प बसले. आणि इकडे नात रडतेय. मी चुकले का हो? आता काय करू, सांगा."

नाक चिमटीत होतं ते बरंच झालं, कारण आता त्याची खरोखर गरज होती. नळाच्या आवाजात रडलेलं ऐकू जात नाही, हा तिचा आणखी एक शोध होता. तोही आज मोडीत निघाला.

"तुम्ही नाही चुकलात," शेवटी ती म्हणाली. "खोटं तुमची सून बोलली."

"छे छे, खोटारडी नाही हो ती!" सासूबाई फणकारल्या. "उगाच काहीतरी बोलू नका. घाबरली असेल. तिच्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतं?"

ह्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर होतं, पण ते ह्या लाइनवर देण्यासारखं नव्हतं.

"तिला भूक आहे का विचारत बसू नका. नाही म्हणेल. सरळ ताट वाढून समोर ठेवा."

"आणि नाही खाल्लं तर?"

"खाईल," ती म्हणाली. "माझं ऐका. खाईल."

फोन बंद झाला. स्वयंपाकघरात झाकणं वाजायला लागली. तिने कुडता बदलला, तोंड धुतलं, रुग्णालयात 'पंधरा मिनिटं फोन थांबवा' असं कळवलं आणि पलंगाच्या काठावर शिक्षेची वाट पाहत बसून राहिली.

दार पायाने ढकलून सासूबाई आत आल्या. एका कडेवर ठमाकाकू, दुसऱ्या हातात ताट. ताटात वाफाळता भात, घट्ट डाळ, दोन अंडी आणि उकडलेल्या बटाट्यांचा एवढा ढीग, त्यावर लोण्याचा गोळा घसरत चाललेला.

"मी एका तज्ज्ञ बाईंना फोन केला होता," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "त्यांनी सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"हे सगळं खायचं. बटाटे तर खायचेच म्हणाल्या. लोणी भरपूर. आणि दुपारी तासभर झोपायचं, बाळाला सासूकडे देऊन."

ह्यातलं एक अक्षरही ती बोलली नव्हती. लोण्याबद्दल तर मुळीच नाही. लोण्याबद्दल तिची मतं होती, छापून आलेली. पण बाई काय बोलल्या आणि काय नाही, हे आपल्याला कसं ठाऊक, ह्याचा खुलासा केल्याशिवाय तिला हरकत घेता येईना. तिने ताट मांडीवर ओढलं.

"बाई हुशार होत्या?" तिने विचारलं.

"तशा बऱ्या होत्या. जरा आगाऊ. आणि सर्दीने बेजार बिचाऱ्या. मीच सांगितलं असतं, बाई गं, वेळेवर जेवत जा, पण फोन ठेवला त्यांनी."

तिने चटकन वर पाहिलं. सासूबाई ठमाकाकूचा पायमोजा नीट करण्यात अगदी गढून गेल्या होत्या.

पहिला घास घेतला आणि पुढचं तिला नीट आठवत नाही. बटाटे होते, मग नव्हते. मधेच बाळ कुरकुरलं, तशी सासूबाईंनी ते तिच्या कुशीत दिलं. मग ती एका हाताने पाजत आणि एका हाताने खात राहिली. अंड्याचं कवच सासूबाई काढून देत होत्या. बटाट्याचा एक तुकडा बाळाच्या केसांत पडला, तो तिने उचलून खाल्ला. हे खाणं होतं, पाहणी नव्हे. हे मोजायचं असतं तर मोजता मोजता संध्याकाळ झाली असती.

"आई," तोंडात घास असतानाच ती म्हणाली, "डॉक्टरबाईंना मी नीट सांगितलं नव्हतं."

"आधी गिळ."

तिने गिळलं, उलट्या हाताने तोंड पुसलं आणि फोन उचलला. उद्या धीर झाला नसता. डॉक्टरबाई पेशंटमध्ये होत्या, तिथल्या नर्सने फोन घेतला.

"मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं," ती भरभर बोलून गेली. "मी खात नव्हते. वजन उतरवायला. बरेच आठवडे. डॉक्टरांना सांगा, आणि उद्याच काट्यावर घालायला आणू का बाळाला?"

"आणा की, सकाळीच या," नर्स म्हणाली. सूर रागाचा नव्हता, सवयीचा होता. "आणि अहो, असं मनाने उपाशी राहू नका. रुग्णालयाची आयांसाठी सल्ला-लाइन आहे. फार चांगल्या बाई आहेत तिथे, समजून घेतात. नंबर देऊ?"

ती सासूबाईंकडे बघायला लागली. सासूबाई छताकडे बघायला लागल्या.

"द्या," ती म्हणाली आणि काही लिहायला मिळतंय का ते शोधू लागली. तेवढ्यात सासूबाईंनी रिकामं ताट उचललं.

"अजून भात आहे," त्या म्हणाल्या. "आणू?"

"आणा," ती म्हणाली. "लोणी जरा कमी घाला."

"बघते," सासूबाई म्हणाल्या.