आंबट पाल्यातला मासा

दुसरा घास तोंडात घातला आणि तो तिथेच थांबला. मासा खारट होता. थोडाथोडका नाही, जीभ आत ओढली जावी इतका. समोरच्या वाडग्यातून वाफा येत होत्या; आंबवलेल्या मोहरीच्या पाल्यात माशाचे पातळ काप, वर तेलात तडतडलेल्या लाल मिरच्या. त्यानं पाण्याचा घोट घेतला आणि तिसरा घास मुकाट्यानं गिळला.

तो दातांच्या कवळ्या बनवायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या जबड्यांशी गाठ, पण माणसाचं तोंड कधी दिसायचं नाही. साचे डबीतून येत, कवळ्या डबीतून जात. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. घरी तो ओट्यापाशी उभ्याउभ्याच जेवे. दर गुरुवारी दुपारी मात्र या चिनी हॉटेलात येऊन बसे. बाकीची गिऱ्हाईकं मेनूच्या पहिल्या पानावरचे नूडल्स मागवत. तो शेवटचं पान उलटे. तिथे स्वयंपाकीणबाईंच्या डोंगराळ प्रांतातले पदार्थ होते, चार माणसांच्या बेताचे. उरलेलं तो बांधून नेई. ‘एकटेच का?’ असं इथे कुणी विचारत नसे, तेवढं त्याला पुरे होतं.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. बाई हात पुसत थेट त्याच्या टेबलाशी आल्या. आजवर त्या फक्त आतल्या खिडकीतूनच दिसल्या होत्या.

“खारट झालंय ना?”

“छे छे, छान आहे.”

“खोटं बोलू नका. दुसऱ्या घासाला तुमची हनुवटी आखडली.”

त्यानं काड्या खाली ठेवल्या. बाई समोरची खुर्ची ओढून बसल्या. गल्ल्यावर त्यांची सून होती. तिला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी आवाज खाली आणला.

“आजारपणात माझी चव गेली. दीड वर्ष झालं. सगळं हाताच्या अंदाजानं करते. हिला कळलं तर उद्यापासून ते शेवटचं पान बंद.”

“मग चव कशी बघता?”

“तुमच्याकडे बघते.” बाई जराशा ओशाळल्या. “बाकीचे फोनमध्ये डोकं घालून जेवतात. तुमचं तसं नाही. मिरी कमी पडली की तुमची डावी भुवई वर जाते. आंबट नीट उतरलं की डोळे मिटता. तुमच्या गुरुवारावर माझा आठवडा निघतो.”

त्याचा हात नकळत भुवईकडे गेला. मग त्यानं वाडगा बाईंकडे सरकवला.

“मीठ जास्त आहे,” तो म्हणाला. “बरंच. आणि पाला पुरता आंबलेला नाही.”

“नवी बरणी काढली आज. तरीच! जुनीच्या तळाशी थोडा पाला आहे अजून.” बाईंचा चेहरा एकदम उजळला. वाडगा उचलून त्या लगबगीनं आत गेल्या.

अर्ध्या तासानं नवा वाडगा आला. त्यानं पहिला घास घेतला. नेहमीसारखं जेवायचं म्हटलं, पण चेहरा काही केल्या जागेवर राहीना. खिशातून रुमाल काढावा लागला.

खिडकीत बाईंच्या कपाळाला आठी पडली.

“तिखट झालं का?”

त्यानं मान हलवली.

“मग?”

“जमलंय,” तो म्हणाला. “आज जरा सावकाश जेवतो. चालेल ना?”

बाईंनी गॅस बारीक केला, स्टूल खिडकीपाशी ओढलं आणि त्या बसल्या.