बेटावरचं पाणी

भगवंतबुवांच्या कीर्तनात आख्यान सुरू झालं की मागे एक मोठा कापडी पट टांगत. त्यावर एका राज्याचा नकाशा होता. ते राज्य पृथ्वीच्या पाठीवर कुठंच नव्हतं. अमरावतीला आपल्या ओसरीत बसून बुवांनीच ते रचलेलं. पण काठीचं टोक डोंगरावर टेकवून त्यांनी "हा पाहा सुवर्णगिरी" म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या पायाला खडे टोचत.

पट रंगवला होता अकोल्याच्या वाहेद रंगाऱ्यानं, आणि त्याचे कायदे पक्के होते. डोंगर तीन शिखरांचाच. डोंगराशिवाय नदी काढायची नाही. कथा जात नाही तिथं जंगल, आणि खुद्द बुवांनाच ठाऊक नाही तिथं समुद्र. समुद्रात मगर, तिच्यापुढे तोंड पाण्यात गेलेलं जहाज.

बसऱ्याकडची लढाई संपत आली होती, त्या सालची गोष्ट. जुन्या अकोल्यात सप्ताह बसला होता. सहाव्या दिवशी दुपारी देवळात हार घेऊन शकुन माळीण आली. वाहेद पटाचे उडालेले रंग भरत होता. बुवा खांबाला टेकून चिपळ्या पुसत होते.

"बुवा, एक मागनं हाय," ती म्हणाली. "या जहाजाचं तोंड वर करा."

"का गं पोरी?"

"माहा मानूस मजुराच्या पलटनीत गेला. तिवस्याचा एकजन वापस आला, तो सांगते, त्यायची नाव बुडाली. मामाजी म्हनतात, उद्या प्रसाद झाला का पुतळा करू."

बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. देह सापडत नाही तेव्हा पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि त्यालाच अग्नी देतात. मग त्या माणसाची वाट पाहायची नसते.

"हा देश खोटा आहे, बाई," बुवा हळूच म्हणाले. "माझ्या डोक्यातला. यातलं जहाज तरलं म्हणून तुझा गोवर्धन कसा तरेल?"

"खरा नकाशा शाळंत पायला म्या. त्याच्यात कोनाले काई बदलता येत नाही. हा खोटा हाय म्हनून तं तुमच्यापाशी आली!"

"अगं, जहाज बुडतं म्हणून त्यातला व्यापारी हरीला हाक मारतो. नाही बुडलं तर माझं आख्यान उभं कुठं राहणार?"

"हो. तुमी दरसाली बुडवा, न लोकं डोये पुसून जेवाले बसतीन." हार तिथंच टाकून ती उतरली.

वाहेदनं मान वर केली नाही. "रंग पुसल्या जात नाही, बुवा," एवढंच म्हणाला. "कपडा रंग पेला म्हंजे पेला."

दुसऱ्या दिवशी मंडप भरला. शकुनचे सासरे उत्तमराव पुढेच बसले. पळसाच्या पानांचा भारा त्यांनी बाहेर ओट्याला टेकवून ठेवला होता. निरूपण झालं, बुक्का लावून झाला, आख्यान लागलं. वादळ आलं, शिडं फाटली. बुवांची काठी जहाजावर गेली.

"आणि ते जहाज..."

काठी थांबली. जहाजाच्या बुडत्या तोंडाखाली पिवळ्या रंगाचा एक ताजा ठिपका होता, हाताच्या पंजाएवढा. बेट. पेटीवाल्यानं सूर धरून ठेवला. पायरीपाशी, दरसालच्या आपल्या जागेवर, वाहेद खाली बघत होता.

समोर येईल ते देवानं धाडलेलं, हे बुवांनी जन्मभर लोकांना सांगितलं होतं. त्यांनी डोळे मिटले.

"ते जहाज वाळूला लागलं," ते म्हणाले.

तेवढ्यात, कीर्तनात कधी तोंड न उघडणारे उत्तमराव बोलले. "बुवा, तिथं पानी हाय का प्याले?"

"काय उत्तमराव, तिथंई वांगे लावता काय?" मागून कोणी हसलं.

"नाही, चारी अंगानं खारं हाय न," उत्तमराव म्हणाले. "त्याले तहान निभत नाही. लहानपनापासून."

बुवांनी बेटाकडे पाहिलं. नुसती वाळू. हो म्हणावं, तर पट सगळ्यांसमोर होता. "दिसत नाही," ते म्हणाले, आणि काठी खाली घेतली.

वाहेद उठला. लोकांनी पाय आवरून वाट दिली. त्याच्याजवळ रंग नव्हता, कुंचला नव्हता. त्यानं बुक्क्याच्या ताटाकडे पाहिलं. बुवांनी स्वतः ताट पुढे केलं, पंचपात्रातलं पाणी त्याच्या बोटांवर घातलं. वाहेदनं त्या पिवळ्यावर काळी शिखरं काढली, तीन. मधल्या शिखरातून एक रेघ खाली सोडली.

"पानी हाय, उत्तमराव," तो म्हणाला.

मंडपातून विठ्ठलनाम उठलं. उत्तमराव मात्र उठून बाहेर गेले. ओट्यावर जेवणासाठी पानं लावणाऱ्या बायांपुढे त्यांनी आपला भारा टाकला.

"घ्या, पत्रावळ्या लावा याच्या."

पंगत बसली. बुवांना अमरावतीची गाडी गाठायची होती, म्हणून पेटीवाला पट गुंडाळायला आला. शकुननं दोन्ही हातांनी पट धरला. ओला बुक्का वाळला होता. रेघेतला एकेक कण सुटून तिच्या मनगटावर पडत होता.

"गुंडायू नका, दादा," ती म्हणाली. "वारा पडू द्या."

ती वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिली. वारा काही पडत नव्हता.