पडद्याच्या कडा

एकूण एकतीस चित्रपट भरले. चौदा भुताखेतांचे, अकरा अंतराळातले, सहा जादूटोण्याचे. सव्वीस टेपांवर होते, पाच तबकड्यांवर. चार टेपांची खोकी हरवली होती, एकीला बुरशी लागली होती, आणि ‘सातव्या चंद्रावरची शाळा’च्या शेवटी कुणाच्या तरी बाळाचा बाप्तिस्मा येऊन बसला होता. शाळेचं पुढे काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही.

हा सगळा ऐवज जॉसलिन व्हाइटच्या तळघरात, कपडे वाळवायच्या यंत्राशेजारच्या फळीवर होता. आम्ही दोघी शाळकरी वयापासून हे चित्रपट बघत आलो. आता सव्विसाव्या वर्षी जॉसलिनच्या दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिपटलांचा मधला भाग निकामी होत चालला होता. चष्म्याने सुधारण्यातला प्रकार नव्हता आणि औषधही नव्हतं. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं त्या दिवशी तिने मला फोन केला. “इव्का, सगळे परत बघायचे. पहिल्यापासून.”

“निरोप घ्यायला?” मी विचारलं.

“निरोप कसला, बावळट! हजेरी घ्यायला. कोण कोण अजून जागेवर आहे ते बघते.”

पहिल्या तीन चित्रपटांत मी एक चूक केली. तिला दिसत नसेल म्हणून मी कानाशी सांगत राहिले. आता तो दार उघडतोय, आता राणीच्या चेहऱ्याला तडा जातोय. ‘काचेची राणी’ अर्धी झाली तेव्हा जॉसलिनने तिच्या आईने पाठवलेल्या नारळाच्या वडीचा तुकडा माझ्या तोंडात कोंबला.

“चघळ. निदान तोंड तरी बंद राहील. संवाद मला पाठ आहेत, आणि तू जे सांगतेस ना, ते तर सगळ्या जगाला माहीत आहे. मला हे सांग, मागच्या जिन्यावरून आत्ता कोण उतरलं?”

“कोणी नाही. जिना रिकामा आहे.”

“मागे घे.”

मी टेप मागे घेतली. राणी किंचाळत होती, आणि तिच्या मागच्या जिन्यावरून सदरा खोचलेला एक माणूस हातात थर्मास घेऊन सावकाश उतरत होता. हा चित्रपट मी किमान वीस वेळा पाहिला असेल.

मी शहराच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. असं काही दिसलं की मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. दुसऱ्या दिवशी मी एका पांढऱ्या पुठ्ठ्यावर ठिपके काढून तिच्यासमोर धरला आणि कुठले दिसत नाहीत ते विचारलं. हात लांब करून मूठ धरली तर मूठ जेवढी जागा झाकते, साधारण तेवढं भोक नजरेच्या मधोमध होतं. त्याच्या बाहेरचं सगळं शाबूत. आपण पडद्याच्या मध्यावरच्या राक्षसाकडे बघतो. तिने तिकडे पाहिलं की राक्षस भोकात जायचा, आणि उरायच्या त्या फक्त कडा. कडांवर काही हललं की ते तिच्या लगेच लक्षात यायचं.

“म्हणजे मी आता कडांची मालकीण,” ती म्हणाली. “मधलं तुम्ही घ्या वाटून.”

आमच्या हॅमिल्टन शहरात पोलाद कामगारांच्या युनियनच्या हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी राक्षस मंडळ भरतं. स्वतःची रिळं, स्वतःचा प्रोजेक्टर, आणि ज्यातून जेमतेम कॉफी निघते असं एक पिंप. मंडळाचा लाडका चित्रपट म्हणजे ‘मिठाच्या खाणीतला पाहुणा’. वर्षातून एकदा तो लावतात, आणि त्याआधी बोलायचा मान गेली पाच वर्षं जॉसलिनचा होता. ती त्या दहा मिनिटांसाठी वर्षभर सिनेमासिकांचे जुने अंक धुंडाळायची. लोक चित्रपटाइतकेच तिचं बोलणं ऐकायला यायचे.

त्या शनिवारी आम्ही पोहोचलो तर मंडळाचे अध्यक्ष लॉर्न दारातच उभे होते. साठी उलटलेले, भट्टीवरून निवृत्त झालेले, मनाने चांगले.

“जॉस बाळा, तुझ्यासाठी पहिल्या रांगेत गादीची खुर्ची ठेवलीय. आता तू आमची मानाची सदस्य. बोलायचं काम इथून पुढे ट्रेव्हर करेल.”

“का? माझी जीभ गेलीय?”

“तसं नाही गं. पण जे दिसत नाही त्याच्यावर बोलायचं म्हणजे... लोकांना वाईट वाटतं.”

“लोकांना वाईट वाटत असेल तर लोकांनी पहिल्या रांगेत गादीवर बसावं.”

ट्रेव्हर पिंपाजवळ उभा राहून बुटांकडे बघत होता. तो आमच्याच वयाचा, मंडळाची रिळं सांभाळणारा. “मी मागितलं नव्हतं, जॉस,” तो पुटपुटला.

“पण घेतलंस तर खरं!”

प्रोजेक्टरच्या मागे भिंतीवर एक लाकडी फळी आहे. चित्रपटात कुणाला चूक सापडली, म्हणजे तार, मनगटी घड्याळ, माइकची सावली, की ती शोधणाऱ्याच्या नावासकट तिच्यावर कोरायची. नियम जुने आहेत. चूक दिसली की मोठ्याने “थांब!” म्हणायचं. मग तेवढं रीळ हाताने फिरवायच्या यंत्रावर चौकट चौकट करून तपासायचं. बारा चौकटी, म्हणजे अर्धा सेकंद, तरी चूक दिसली पाहिजे. त्याहून कमी असेल तर तो धूळ किंवा ओरखडा मानतात. हाक खोटी निघाली तर वर्षभर हॉलमध्ये तोंड उघडायचं नाही. ‘पाहुण्या’च्या नावाखाली सत्तावीस चुका होत्या. शेवटची कोरून अकरा वर्षं झाली होती.

जॉसलिनने फळीवर हात टेकला. “आज अठ्ठाविसावी काढते. निघाली तर यंदा मी बोलणार, पुढच्या वर्षी मी बोलणार, आणि ती गादी लॉर्न, तुम्ही घरी न्यायची. नाही निघाली तर माइक ट्रेव्हरचा. कायमचा.”

“अगं, वेडी आहेस का?” मी तिला बाजूला ओढलं. “आपण हा तळघरात दोनदा बघितला. तुला काही सापडलं नव्हतं.”

“तळघरात टेप होती. टेपेत दोन्ही कडा कापलेल्या असतात. इथे पूर्ण चित्र आहे.”

ते बरोबर होतं. पण त्या कापलेल्या कडांत काही असेलच याला काही आधार नव्हता. मी तसं सांगितलं.

“आधार नाही म्हणून तर पैज आहे. आधार असेल तर त्याला पाढे म्हणतात.”

लॉर्ननी खांदे उडवले आणि “ठरलं” म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर आधीच सांत्वन होतं. तेच मला सगळ्यात झोंबलं.

दिवे गेले. जॉसलिन नेहमीच्या सहाव्या रांगेत, माझ्या शेजारी. पहिलं रीळ संपलं, दुसरं संपलं. मी कडांकडे बघायचा प्रयत्न करत होते, पण डोळे सारखे मध्यावर घसरत होते. तिसऱ्या रिळात तो प्रसंग आला. पांढऱ्या भिंतीला भेग पडते, मिठाचे लोट उठतात आणि पाहुणा बाहेर येतो. तिथे सगळ्या हॉलने एका आवाजात “कोण आलंय जेवायला?” असं ओरडायचं, ही मंडळाची रीत. आम्ही सगळे तोंड उघडून तयार होतो.

“थांब!”

एवढ्या पवित्र जागी कुणी कधी थांबवलं नव्हतं. मागून कुणीतरी शिवी घातली. प्रोजेक्टर थांबला, दिवे लागले.

“काय दिसलं?” लॉर्न म्हणाले.

“उजवी कड, खाली. हात. हातात काहीतरी लांब दांड्याचं. मीठ उडवतोय.”

“अजून कुणी पाहिलं?”

हॉलमध्ये चाळीस-एक माणसं होती. कुणी हात वर केला नाही. जॉसलिन माझ्याकडे वळली, म्हणजे माझ्या कानाच्या थोडं बाहेर बघू लागली. ती अशी बघते तेव्हा तिला माझा चेहरा दिसत असतो.

“तू?”

मला हो म्हणायचं होतं. “नाही,” मी म्हणाले. “मी पाहुण्याकडे बघत होते.”

“सगळेच तिकडे बघत होते,” ती मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “तीस वर्षं चाळीस माणसं एकाच ठिकाणी बघतायत आणि म्हणे मला दिसत नाही!”

“जॉस, पोरी,” लॉर्न हळू आवाजात म्हणाले, “हाक मागे घेतलीस तर कुणी काही म्हणणार नाही. वर्षभर गप्प बसायची शिक्षापण नको.”

“लावा यंत्राला.”

“अगं, मी तुझ्या भल्यासाठी...”

“माझं भलं नंतर बघू. आधी रीळ लावा.”

ट्रेव्हरने रीळ काढलं आणि टेबलावरच्या यंत्रात ओवलं. त्या यंत्राची काच पोस्टकार्डापेक्षा लहान. आम्ही तिघं वाकलो. जॉसलिन आली नाही. ती कॉफी आणायला गेली. ट्रेव्हर दांडा फिरवू लागला. भेग. मिठाचा पहिला लोट. पाहुण्याचं नख. मी या वेळी तळहाताने काचेचा मधला भाग झाकला.

उजव्या कोपऱ्यातून एक हात आला. कोपरापर्यंत बाही वर सारलेली, आणि मुठीत स्वयंपाकघरातली साधी पळी.

“आई गं,” ट्रेव्हर म्हणाला.

लॉर्ननी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “आहे,” ते म्हणाले. “पण बारा भरल्या पाहिजेत.”

“भरू देत की,” पिंपाजवळून जॉसलिनचा आवाज आला. “मी कुठे पळून चाललेय?”

ट्रेव्हरने दांडा मागे फिरवून हात दिसायच्या आधीच्या चौकटीवर आणला आणि एकेक चौकट पुढे सरकवू लागला. मी मोजत होते. पळी वर गेली, मीठ सुटलं, हात मागे सरकला, शेवटी नुसती बोटं उरली आणि तीही गेली. लॉर्न म्हणाले, पुन्हा मोजा. ट्रेव्हरने पुन्हा पहिल्यापासून मोजलं, या वेळी मोठ्याने.

दोन्ही वेळा एकोणीस चौकटी भरल्या.